नैराश्यात प्रार्थना थांबते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक भगिनी, वर्षानुवर्षं विश्वासात असलेली, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवणारी. गेले पाच महिने पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण जात नाही. बायबल उघडलं तर तीच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. उपासनेत सगळे गात असतात, तिला आतून काहीच वाटत नाही. डॉक्टरांनी नैराश्य आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्या, पण त्या अजून सुरू झालेल्या नाहीत. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं, "कुठेतरी लपलेलं पाप असेल, ते कबूल कर." दुसऱ्या कुणी म्हणालं, गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. तिचा स्वतःचा प्रश्न याहून जड आहे: देवानेच मला सोडलं आहे का?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून डॉक्टरांचं निदान मला योग्य वाटतं. गोळ्या सुरू करा, शक्य तर आजच. देवाने तुम्हाला सोडलेलं नाही; आणि सोडलं आहे असं वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे. यातलं पहिलं मी विश्वासाने म्हणते, कारण मी स्वतः ख्रिस्ती आहे. दुसरं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून म्हणते, कारण विश्वासणाऱ्या रुग्णांमध्ये ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नैराश्याचं निदान करताना आम्ही नऊ लक्षणं पाहतो. उदास मन किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक तरी असावं लागतं, आणि सगळी मिळून किमान पाच लक्षणं निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज. बाकीची सात म्हणजे झोपेतला आणि भुकेतला बदल, थकवा, हालचालीतला मंदपणा किंवा तगमग, एकाग्रता न होणं, अपराधीपणा आणि मरणाचे विचार. आता विश्वासणाऱ्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. रस उरत नाही, तेव्हा नातवंडं आणि आवडतं जेवण जसं नकोसं होतं तसंच गायनही कोरडं होतं. एकाग्रता जाते, तेव्हा वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि बायबलही वाचता येत नाही. थकव्याने अंघोळ जड होते, तशी रविवारची उपासनाही. पण अंघोळ टळली तर माणूस म्हणतो, मला बरं नाही. उपासना टळली की तोच माणूस म्हणतो, माझा विश्वास गेला. मेंदूच्या ज्या क्षमतांनी आपल्याला आनंद होतो, आशा वाटते, कुणी आपलं आहे असं जाणवतं, त्याच क्षमतांनी देवाची जवळीकही जाणवते. आजार तिथेच बसलेला आहे. तापात तोंडाची चव जाते, म्हणून अन्नातलं मीठ नाहीसं झालं असं आपण म्हणत नाही.

पहाटेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण याकडे फार कमी लोक लक्ष देतात. या आजाराच्या एका प्रकारात माणूस नेहमीच्या वेळेच्या दोनेक तास आधी जागा होतो, आणि दिवसातला सगळ्यात वाईट काळ सकाळचा असतो. संध्याकाळकडे मन थोडं हलकं होतं. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. पिढ्यान्‌पिढ्या विश्वासणाऱ्यांना शिकवलेलं असतं की प्रार्थनेची वेळ पहाटेची. म्हणजे मेंदू जेव्हा सगळ्यात अंधारात असतो नेमक्या त्याच वेळी तुम्ही देवासमोर बसता, काही जाणवत नाही, आणि तिथून दिवसभराचा निकाल लावता. सध्या प्रार्थनेची वेळ संध्याकाळवर न्या. पहाटे जाग आली तर अंथरुणात कुढत पडून राहू नका. उठा, दिवा लावा, हातांना काम द्या. त्या वेळी स्वतःच्या आत्मिक स्थितीचा हिशेब मांडायचा नाही, हा नियमच करा.

लपलेल्या पापाचं बोलणं तुम्हाला लागलं आहे, हे तुमच्या शब्दांतून दिसतं. ज्या बाईंनी ते म्हटलं त्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला चुकीचा आहे. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न विचारला होता: पाप कुणी केलं, याने की याच्या आईवडिलांनी? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९). पापाची खरी जाणीव आणि नैराश्यातला अपराधीपणा यांत फरक करता येतो. खरी जाणीव नेमकी असते. अमक्याशी खोटं बोललो, तमक्याचे पैसे दिले नाहीत. तिला पुढे वाट असते: कबूल करा, क्षमा मागा, नुकसान भरून द्या. आणि ते केल्यावर ती शमते. नैराश्यातला अपराधीपणा धुरासारखा सगळीकडे असतो. आज शाळेतल्या एखाद्या जुन्या चुकीवर बसतो, उद्या आईच्या शेवटच्या आजारपणावर, परवा कशावरच नाही, नुसता असतो. कबुली दिली तरी तासाभरात परत येतो. एकाच गोष्टीची कबुली चौथ्यांदा, पाचव्यांदा द्यावीशी वाटत असेल आणि क्षमेचे शब्द दिवसभरही टिकत नसतील, तर तिथे आणखी एक कबुली नको, उपचार हवेत. पाळकांनी आणि फादरांनी ही खूण ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

याच्याच शेजारी आणखी एक भीती असते, न सांगितली जाणारी. "माझ्या हातून क्षमा न होणारं पाप घडलं." पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हे मार्कच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन आजारी मनाला हमखास सापडतं. ज्याला या पापाची एवढी धास्ती आहे, तो देवाकडे पाठ फिरवून बसलेला माणूस नव्हे, एवढं तर उघड आहे. पण युक्तिवादाने ही भीती सहसा जात नाही. नको असलेले निंदेचे विचार पुन्हा पुन्हा येत असतील, ते धुऊन काढायला ठरावीक शब्दांत प्रार्थना करावी लागत असेल, तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. असे विचार आम्हाला नवे नसतात.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी मोकळं आहे. पहिल्या राजांच्या १९व्या अध्यायात संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय नुकताच झालेला, म्हणजे विश्वास कमी होता असं म्हणायला जागाच नाही. देव काय करतो ते क्रमाने पाहा. आधी झोप. मग दूत त्याला उठवतो आणि भाकर, पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो, आणि कारण देतो की प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचेपर्यंत देव त्याला एकही प्रश्न विचारत नाही. तिथे विचारतो, "एलीया, तू येथे काय करतोस?" आणि त्याचं तेच गाऱ्हाणं दोनदा ऐकून घेतो. मग काम देतो, आणि त्या कामात अलीशा नावाचा सोबतीही देतो. कुठेही दटावणी नाही. मला हा अध्याय उपचाराच्या क्रमासारखा दिसतो: शरीर आधी, बोलणं नंतर, जबाबदारी त्याहून नंतर, आणि माणसाला एकटं ठेवायचं नाही.

स्तोत्र ८८ तुम्ही शेवटचं कधी वाचलं? बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. हेमान एज्राहीच्या नावावरचं हे स्तोत्र अंधारातच थांबतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी त्याला शेवटी एक उजळ ओळ जोडली नाही, आणि देवाच्या लोकांनी ते तसंच शतकानुशतकं प्रार्थना म्हणून म्हटलं. सध्या तुम्हाला एकच स्तोत्र झेपणार असेल तर हे घ्या. ते तुमच्याकडून न वाटणारी भावना मागत नाही.

"प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन तुमच्या तोंडावर फेकलं गेलं असेल, तर ते प्रेषित पौलाचं आहे हे खरं, आणि ते त्याने बंधनात असताना लिहिलं. पण करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, अगदी पहिल्याच अध्यायात, तोच पौल सांगतो की आशियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नाही. हे त्याने मंडळीला उघड लिहून कळवलं. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आपल्या तीन मित्रांना सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. खिन्नता पाप असती तर हा प्रसंग शुभवर्तमानात आला नसता.

आता गोळ्या. कलस्सैकरांस पत्रात पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो. त्याच्या प्रवासात वैद्य सोबत होता आणि त्याने पौलाच्या विश्वासात काही कमी आलं नाही. तीमथ्याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर असं नाही. या गोळ्या नशा आणत नाहीत, खोटा आनंदही देत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी किंवा थोडी तगमग होऊ शकते; बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. मनावरचा परिणाम दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडेही लागतात. पुष्कळदा आधी झोप सुधारते, मन मागून येतं. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे रुग्ण मी फार पाहते. बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचं असतं, आधी असे झटके येऊन गेले असतील तर त्याहून जास्त, आणि बंद करताना हळूहळू उतरवायचं असतं. अचानक थांबवलं तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावं. काही जणांना या गोळ्यांनी भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. विश्वासणारे रुग्ण म्हणतात, "दुःख गेलं, पण प्रभुभोजनाच्या वेळी डोळ्यांत पाणी यायचं तेही गेलं." हे खरं असतं, आणि मात्रा किंवा औषध बदलून बहुधा सुधारतं. त्यासाठी औषध आपल्या मनाने बंद करू नका.

गोळ्यांच्या बरोबरीने थायरॉइड, रक्तक्षय आणि बी-१२ या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. समुपदेशनही तितकंच महत्त्वाचं आहे. समुपदेशक आपला विश्वास मोडून काढेल अशी भीती अनेकांना असते. ड्यूक विद्यापीठातल्या हॅरल्ड कोनिग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत, रुग्णाच्या धर्मश्रद्धेचा आधार घेणारी विचार-वर्तन उपचारपद्धती नेहमीच्या पद्धतीइतकीच उपयोगी ठरली. म्हणजे तुमचा विश्वास दाराबाहेर ठेवून आत जायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवते, कारण मंडळीत ती सहज निसटते. याआधी कधी असा काळ आला होता का, की दोन-तीन तासांची झोप पुरायची, डोकं भरधाव चालायचं, देवाने मोठं कार्य आपल्यावरच सोपवलंय असं वाटायचं, हातातले पैसे वाटून टाकले? अशा काळाला लोक पवित्र आत्म्याने भरणं समजतात आणि साक्ष द्यायला उभं करतात. कधी तसं असेलही. पण अशा चढत्या काळानंतर खोल उदासी आली असेल तर तो द्विध्रुवीय आजार असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन पुन्हा उन्मादाकडे झुकू शकतं. डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा.

दुष्टात्म्याचं काय, असंही कुणी ना कुणी म्हणेलच. प्रार्थना करून घ्यायला माझी ना नाही. डोक्यावर हात ठेवून, शांतपणे, तुमच्या संमतीने होणारी प्रार्थना पुष्कळांना आधार देते. मात्र उपाशी ठेवणं, रात्रभर जागवणं, ओरडून बांधणं-सोडवणं, आणि "विश्वास दाखव, गोळ्या फेकून दे" हे आजारी माणसाला इजा करणारं आहे. भूक आणि झोप आधीच मोडलेल्या माणसाने उपास धरू नये. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, देहाचा काही भाग मेला आहे किंवा नरक सुरू झाला आहे अशी पक्की खात्री होणं असं काही असेल, तर ते तीव्र नैराश्य आहे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

तुम्ही एकट्याच या वाटेवर नाही, हे सांगायला मी दोन माणसांची नावं घेते. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या सभेत १९ ऑक्टोबर १८५६ रोजी "आग, आग" अशी खोटी आरोळी उठली आणि चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर त्यांना खोल उदासीचे झटके येत राहिले, आणि पाळक होऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे ते त्याविषयी उघड बोलत. दुसरे इंग्रज कवी आणि गीतकार विल्यम कूपर (१७३१–१८००). त्यांची कहाणी गोड नाही. त्यांनी अनेकदा जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि १७७३ नंतर आपण देवाकडून कायमचे टाकले गेलो आहोत ही समजूत त्यांच्या मनातून गेलीच नाही. ते पुन्हा उपासनेला गेले नाहीत. त्यांची गीतं मात्र आजही मंडळ्यांमध्ये गायली जातात. त्यांचे पाळकमित्र जॉन न्यूटन यांनी त्या वाईट काळात त्यांना वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. आज जे उपचार तुम्हाला लिहून दिले आहेत ते कूपरना मिळाले नाहीत. हे वाचून तुमची गोळ्यांची अडखळ थोडी तरी सुटावी, अशी माझी फार इच्छा आहे.

मरणाचे विचार तुम्ही लिहिलेले नाहीत. तरी विचारते. देवाने आता घेऊन जावं असं वाटतं का? त्याहून पुढे, कसं मरावं याचा विचार येतो का? आत्महत्या पाप आहे या शिकवणुकीने काही जण थांबतात हे खरं; पण त्याच शिकवणुकीमुळे पुष्कळ जण तोंड उघडत नाहीत, आणि ते जास्त धोक्याचं आहे. हा विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही, तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि आत्महत्येने गेलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असं म्हटलं आहे. ज्यांच्या घरात असं घडलं आहे त्यांच्यासाठी हे सांगते. तुमच्यासाठी सांगणं वेगळं आहे: विचार आला तर त्याच क्षणी घरातल्या एकाला शब्दांत सांगा, घरातली औषधं आणि घातक वस्तू त्यांच्या ताब्यात द्या, एकट्या राहू नका, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा तुमच्याकडच्या मदतवाहिनीला लगेच गाठा. सकाळची वाट पाहू नका.

प्रार्थनेचं काय करायचं? कमी करा, पण सोडू नका. एक ओळ पुरे: "प्रभू, माझ्यावर दया कर." तीही निघाली नाही तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू "त्यांचा विश्वास पाहून" बोलतो. त्या आजाऱ्याने काही म्हटल्याची नोंद नाही. तुम्हीही चौघे निवडा, नाही तर दोघे. त्यांना सांगा, "सध्या मला प्रार्थना होत नाही, माझ्यासाठी तुम्ही करा." शक्य झालं तर उपासनेला जा, मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, दुसऱ्यांचं गाणं ऐका. संडे स्कूलमधून दोन-तीन महिने रजा घ्या, राजीनामा देऊ नका. या आजारात कुठलाही कायमचा निर्णय घ्यायचा नसतो. सेवा सोडण्याचाही नाही आणि विश्वास सोडण्याचाही नाही.

मंडळीत किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. सगळ्यांना खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. पाळकांना मात्र सांगा, आणि ज्यांच्या बोलण्याने त्रास होतो त्यांना "डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, प्रार्थना करा" एवढंच पुरे. तुमच्या घरच्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आहेत. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. जेवण समोर आणून ठेवा, रोज थोडं चालायला सोबत न्या, गोळी घेतली का ते न चिडता पाहा, डॉक्टरांकडे बरोबर जा.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर झोपेचे तास, जेवण, दिवसातला वाईट वेळ, मरणाचे विचार आणि गोळ्यांचा त्रास लिहून न्या. प्रार्थनेत काय होतं तेही लिहा. डॉक्टर ख्रिस्ती नसले तरी त्यांना ते कळलं पाहिजे. आणि मधल्या काळात गोळ्या बंद कराव्यात असं वाटलं, कुणाच्या सांगण्यावरून किंवा स्वतःच्या मनाने, तर तो निर्णय त्या भेटीत डॉक्टरांसमोर मांडा आणि तोवर रोजची गोळी चालू ठेवा. त्रास फारच वाढला तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, आधीच फोन करा.